पायापुरती भूल

निगडीच्या प्राधिकरणात आम्ही ज्या इमारतीत राहतो, तिथे गेल्या वर्षी एक वाद चांगला महिनाभर रंगला होता. वाद घालणारे दोघे. तिसऱ्या मजल्यावरचे काका भोसरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे पॉवर प्रेसवर उभे राहून काम करतात. तळमजल्यावरचे आजोबा निवृत्त फिटर, वय बहात्तर. योगायोग असा की, एकाच महिन्यात दोघांच्याही पायाच्या रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया चालू असताना दोघेही टक्क जागे होते आणि दोघांनाही काडीचे दुखले नाही.

पण काकांना सुई टोचली ती पाठीच्या कण्यात, आणि आजोबांना टोचली जांघेत व मांडीच्या मागच्या बाजूला. वाद यावरून! काका म्हणत, "पाठीत एकच सुई, पाच मिनिटांत दोन्ही पाय गायब. याला म्हणतात भूल." त्यावर आजोबा म्हणत, "तुमचे दोन्ही पाय गेले. माझा कामाचा तेवढाच गेला. दुसऱ्या पायाचा अंगठा मी हलवत पडलो होतो." शेवटी दोघांनी मला गाठले. "सर, तुम्ही विज्ञानातले. यातली चांगली भूल कुठली, ते सांगा."

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यकशास्त्र नव्हे. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी आता भूलतज्ज्ञ आहे. तिला मी दोन रविवार भंडावून सोडले. ती हसून म्हणाली, "सर, अकरावीला तुम्ही दाब, घनता आणि ध्वनी शिकवलात ना? आम्ही दिवसभर तेच वापरतो." तिने सांगितले ते मला इतके आवडले की, तुम्हालाही सांगावेसे वाटले.

काकांचा पाय

आधी काकांना काय झाले होते ते पाहू. १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, चिंचवड, पुढे चाकण असा हा सारा पट्टा यंत्रांच्या आवाजाने भरून गेला. इथे हजारो माणसे पाळीचे आठ तास उभी असतात. उभे राहणे हे काही कष्टाचे काम दिसत नाही. पण पायातल्या शिरांना विचारा!

हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा एक उभा स्तंभ आहे असे समजा. त्याची उंची धरा १.२ मीटर. रक्ताची घनता दर घनमीटरला सुमारे १०६० किलोग्रॅम. द्रवाचा दाब म्हणजे उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण, हे तुम्हाला ठाऊक आहे. १.२ × १०६० × ९.८ केले की येतात सुमारे १२,४७० पास्कल. डॉक्टरांच्या भाषेत हा दाब पाऱ्याच्या सुमारे ९४ मिलिमीटर इतका होतो. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेला हा भार सोसावा लागतो.

चालू लागले की मात्र तोच दाब झपाट्याने उतरतो, तिशीच्या आसपास किंवा त्याखालीही येतो. कारण पोटरीचे स्नायू आवळले की ते शिरा पिळतात आणि रक्त वर ढकलतात. ढकललेले रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, विहिरीवरच्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारख्या. प्रेसवर उभे राहणाऱ्याची पोटरी आवळतच नाही. वर्षानुवर्षे ताण बसून काहींच्या शिरा रुंदावतात, झडपांची पाकळी पाकळीला टेकेनाशी होते, रक्त मागे गळते, आणि शिरा गांडुळांसारख्या वेटोळ्या होऊन कातडीखाली फुगतात. हा दोष घराण्यातूनही येतो, त्यामुळे सगळाच ठपका उभ्या कामावर ठेवता येणार नाही. काकांच्या घोट्याजवळ तर जखम झाली होती आणि ती आठ महिने भरत नव्हती. पाळी चुकली की पगार चुकतो, म्हणून ते पट्टी बांधून कामावर जात राहिले.

घोट्याच्या आतल्या बाजूपासून जांघेपर्यंत कातडीखालून एक लांबलचक शीर जाते. तिला सॅफेनस शीर म्हणतात. तिच्या झडपा निकामी झाल्या होत्या. सर्जननी जांघेत ती बांधली आणि मांडीतला भाग काढून टाकला. पायाच्या खोल भागातल्या मोठ्या शिरा रक्त वर नेण्याचे काम करतच असतात, म्हणून ही गेली तरी चालते. या सॅफेनस शिरेचे नाव ध्यानात ठेवा. आजोबांच्या गोष्टीत ती पुन्हा भेटणार आहे.

तार तोडायची, पण तात्पुरती

आता भूल. आपल्या बोलीत "नस" हा शब्द शिरेलाही वापरतात आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे मोठा घोटाळा होतो. या लेखात रक्त वाहते ती शीर किंवा धमनी, आणि संदेश वाहतो तो मज्जातंतू, असे पक्के करू.

मज्जातंतूत संदेश जातो तो विजेच्या तारेतल्यासारखा नव्हे. तंतूच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा विद्युतदाबातला फरक असतो. तंतूच्या आवरणात सोडियमच्या आयनांसाठी चिमुकली दारे असतात. एक दार उघडले की आयन आत घुसतात, तिथला विद्युतदाब बदलतो, त्यामुळे शेजारचे दार उघडते, मग त्याच्या शेजारचे. रांगेत उभे केलेले पत्ते एकामागून एक पडतात तसा हा संदेश पुढे सरकतो. जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जाऊ शकतो. वेदना नेणारे सर्वांत बारीक तंतू मात्र सेकंदाला मीटरभरच धावतात. म्हणून पायाचा अंगठा ठेचाळला की आधी "काहीतरी लागले" एवढे कळते आणि खरी कळ पाठोपाठ येते. पुढच्या वेळी ठेच लागली तर ओरडण्याआधी तेवढे तपासून पाहा!

लिग्नोकेन, बुपिवाकेन, रोपिवाकेन ही एका कुळातली औषधे. ती तंतूच्या आत शिरून आतल्या बाजूने सोडियमची दारे बंद करतात. पत्त्यांच्या रांगेतले मधले काही पत्ते घट्ट चिकटवून टाकावेत तसे. संदेश तिथपर्यंत येतो आणि थांबतो. पायाला इजा होतच असते, पण मेंदूपर्यंत बातमी पोचत नाही. काही तासांनी रक्त औषध वाहून नेते आणि दारे पुन्हा उघडतात.

तेव्हा काकांना आणि आजोबांना मिळालेल्या औषधांचे काम एकच होते. फरक होता तो ते कोठे ठेवले याचा. पायाचे मज्जातंतू मज्जारज्जूतून (तुमच्या पुस्तकातल्या मेरुरज्जूतून) निघतात, कण्याबाहेर पडतात, एकमेकांत मिसळतात आणि मग मोठ्या दोऱ्या होऊन पायात उतरतात. ही वाट मुळाशी अडवायची की फांदीवर? काकांची अडवली मुळाशी, आजोबांची फांदीवर. आता दोन्हींतले बरेवाईट एकेक करून पाहू.

कण्यातली भूल आणि साखरेचे पाणी

मज्जारज्जू कण्याच्या पोकळीत एका द्रवात बुडालेला असतो. हा द्रव पाण्यासारखा नितळ, आणि मेंदूभोवतीचा व कण्यातला मिळून सुमारे दीडशे मिलिलिटर भरतो. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली द्रवात नुसत्या मज्जातंतूंच्या मुळांचा झुबका तरंगत असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सुई तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मध्ये घालतात, म्हणजे मज्जारज्जूला धक्का लागण्याची भीती उरत नाही. सुई तरी केवढी? अर्ध्या मिलिमीटर जाडीची.

हे प्रथम केले जर्मनीत, कील या गावी, ऑगस्ट बीअर या सर्जनने. तारीख १६ ऑगस्ट १८९८. रुग्ण होता चौतीस वर्षांचा एक मजूर, आणि शस्त्रक्रिया होती क्षयाने सडलेल्या घोट्यावर. म्हणजे पहिला मान पायालाच मिळाला! औषध होते कोकेन. कोकेनने डोळा बधिर होतो हे कार्ल कोलरने व्हिएन्नात १८८४ मध्येच दाखवले होते. पुढे आठवड्याभराने बीअर आणि त्याचा मदतनीस हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर केला. बीअरच्या कण्यात सुई गेली, पण पिचकारी सुईवर नीट बसेना. औषध सांडले आणि कण्यातला द्रवही बराच वाहून गेला. मग पाळी हिल्डेब्रांटची. त्याचे पाय बधिर झाल्यावर बीअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारली, जळती सिगार टेकवली. त्याला काही कळले नाही! त्या रात्री दोघांनी मद्य घेऊन आनंद साजरा केला. पण पुढचे नऊ दिवस बीअरला डोके वर करवेना, आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या पडल्या. द्रव गळल्याने डोके दुखते, हे यातून जगाला कळले. आजच्या सुया इतक्या बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या का, याचे उत्तर त्या नऊ दिवसांत आहे.

आता यातले भौतिकशास्त्र. कण्यातल्या द्रवात औषध सोडले की ते कुठे जाईल? काकांना दिलेल्या बुपिवाकेनमध्ये दर मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम ग्लुकोज मिसळलेले होते. ग्लुकोजचा बधिरतेशी काहीएक संबंध नाही. ते असते केवळ वजनासाठी! कण्यातल्या द्रवाची घनता पाण्याच्या जवळजवळ बरोबर असते, तर या औषधाची सुमारे १.०२. दोन टक्क्यांचाच फरक, पण तेवढ्याने औषध खाली बसते.

हे घरी करून पाहा. प्लॅस्टिकची एक लांब पारदर्शक बाटली पाण्याने काठोकाठ भरा. अर्धा कप पाण्यात दोन लहान चमचे साखर विरघळवा आणि त्यात शाईचे चार थेंब टाका. ड्रॉपरने हे रंगीत पाणी बाटलीत हलकेच सोडा आणि झाकण लावून बाटली आडवी करा. रंग तळाशी पसरेल. बाटलीचे एक टोक बोटभर उचला, रंग दुसऱ्या टोकाकडे चालू लागेल. आता बिनसाखरेचे रंगीत पाणी घेऊन तेच करा आणि फरक पाहा. भूलतज्ज्ञ रुग्णाचे टेबल तिरपे करून औषधाला याच रीतीने वर-खाली हाकतात. एकाच पायाचे काम असेल तर थोडे औषध देऊन रुग्णाला दहा-पंधरा मिनिटे त्या कुशीवर निजवतात, म्हणजे औषध बहुतांशी खालच्या बाजूच्या मुळांवर साचते.

पण कणा काही बाटलीसारखा सरळ नाही. उताणे झोपले की कमरेचा बाक वर येतो आणि छातीमागचा भाग खोलगट होतो. म्हणजे सुई टोचली ती जागा घाटमाथ्यासारखी. तिथून औषध दोन्हीकडे उतरते, थोडे बसण्याच्या बाजूला आणि थोडे छातीच्या बाजूला. या छातीकडच्या प्रवासातच कण्यातल्या भुलेची खरी मेख आहे.

पंधरा मिलिग्रॅमची किंमत

काकांना औषध दिले अवघे तीन मिलिलिटर, म्हणजे पंधरा मिलिग्रॅम बुपिवाकेन. चिमूटभरही नाही. पाच मिनिटांत पाय उबदार आणि जड वाटू लागले. डॉक्टरीणबाईंनी स्पिरिटचा बोळा लावून विचारले, "गार लागते का?" बोळा लागल्याचे काकांना कळत होते, पण गारवा कळत नव्हता. थंडी आणि वेदना नेणारे बारीक तंतू आधी बंद पडतात, स्पर्शाचे मागून. आणखी काही मिनिटांनी पाय उचलताही येईना.

तंतूंत सर्वांत आधी बंद पडतात ते मात्र आणखी वेगळेच. रक्तवाहिन्यांच्या भिंती आवळून धरण्याचा हुकूम देणारे तंतू छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून निघतात. औषध घाटमाथ्यावरून छातीकडे उतरले की तेही झोपतात. मग शरीराच्या खालच्या अर्ध्या भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात.

सैलावल्याने काय होते? नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हा प्वाझेचा नियम. त्रिज्या एक दशांशाने वाढली तर १.१ चा चौथा घात करा. उत्तर येते १.४६. म्हणजे नळीचा विरोध १०० वरून ६८ वर आला. रक्तदाब म्हणजे ढोबळमानाने प्रवाह गुणिले विरोध, तुमच्या ओहमच्या नियमासारखाच. विरोध घटला आणि हृदयाने प्रवाह वाढवला नाही, तर दाब घसरलाच. शिवाय सैल शिरांत रक्त साठून राहते आणि हृदयाकडे कमी परतते. काकांचा वरचा रक्तदाब १३० वरून १०० च्या खाली आला. शिरेतून सलाइन आणि रक्तवाहिन्या आवळणारे थोडे औषध दिल्यावर तो सावरला. काकांचे हृदय धडधाकट, त्यांना याचा पत्ताही लागला नाही. त्रास झाला तो एवढाच की, संध्याकाळपर्यंत लघवी होईना. मूत्राशयाचे मज्जातंतूही त्याच शेपटीत असतात ना!

आजोबांचे गणित वेगळे

आजोबांना वीस वर्षांचा मधुमेह. तरुणपणी बिडीही भरपूर. पोटरीतल्या धमन्या जवळजवळ बुजल्या होत्या, पावलाला रक्त पोचत नव्हते आणि करंगळीचे टोक काळे पडले होते. रात्री पाय पलंगाखाली लोंबता ठेवूनच झोप येई. का ते तुम्ही आता सांगू शकाल. जो द्रवस्तंभ काकांचा वैरी, तोच आजोबांना मदत करत होता. पाय खाली सोडला की पावलाच्या बारीक वाहिन्यांतला दाब थोडा वाढे.

उपाय एकच होता. गुडघ्यामागच्या चांगल्या धमनीपासून घोट्याजवळच्या धमनीपर्यंत नवी नळी जोडायची, म्हणजे बुजलेल्या भागाला वळसा घालून रक्त जाईल. न जोडल्यास आज करंगळी, उद्या पाऊल आणि परवा गुडघ्याखालचा पाय, अशी ती वाट होती.

पण आजोबांना चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवला होता आणि हृदयाची ताकद निम्म्यावर आली होती. स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या चालू होत्या. कण्यात सुई घालायची तर क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी बंद करावे लागते. बंद केले तर स्टेंट बुजण्याची भीती. चालू ठेवून सुई घातली तर कण्यात रक्तस्राव होण्याची भीती. असा रक्तस्राव क्वचितच होतो. पण कण्याची पोकळी हाडांनी बंद केलेली आहे, तिथे साचलेल्या रक्ताला पसरायला जागा नाही. ते दाबते मज्जातंतूंनाच. काही तासांत शस्त्रक्रिया करून ते काढले नाही तर दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही. पूर्ण भूल दिली असती तर? तीही दुबळ्या हृदयावर भारीच पडते.

मांडीत गोष्ट निराळी. तिथे रक्त आले तर ते दिसते, आणि बोटाने दाबून धरता येते! कण्याचे बंद कपाट आणि मांडीचा मऊ भाग, यांच्यातल्या या साध्या फरकावर आजोबांच्या भुलेचा निर्णय झाला. शिवाय फांदीवर औषध ठेवले तर सैलावतात त्या एकाच पायाच्या रक्तवाहिन्या. बाकीचे शरीर नेहमीसारखे आवळलेले राहते, आणि रक्तदाब जागेवर राहतो.

अंधारातला मज्जातंतू

अडचण एकच, मज्जातंतू दिसत नाही. पायात दोन प्रमुख मज्जातंतू येतात. एक जांघेतून पुढच्या बाजूला उतरतो. दुसरा कुल्ल्यामागून मांडीच्या मागे येतो, त्याला सायाटिक म्हणतात, आणि तो अंगठ्याएवढा जाड असतो. पूर्वीचे भूलतज्ज्ञ शरीररचनेच्या खुणा मोजून सुई घालत आणि रुग्णाला विचारत, "पायात झिणझिण्या आल्या का?" आल्या म्हणजे ठिकाण सापडले. ही रीत काही फार सुखाची नव्हती.

मग आले विजेचे टोचणी-यंत्र. सुईच्या टोकातून सेकंदाला एक-दोनदा अगदी लहान विद्युतप्रवाह सोडायचा. टोक मज्जातंतूजवळ आले की पाऊल आपोआप उडते. गॅल्व्हानीच्या बेडकाचा पाय आठवला ना? अर्धा मिलिॲम्पिअरएवढ्या प्रवाहाला पाऊल उडाले तर सुई हव्या त्या अंतरावर आहे. पण ०.२ मिलिॲम्पिअरच्याही खाली उडत राहिले तर सुई फारच जवळ, कदाचित तंतूच्या आतच घुसली आहे, मागे घ्या.

आणि आता श्राव्यातीत ध्वनी. दाब दिला की वीज निर्माण करणारे स्फटिक पिएर क्यूरी आणि त्याच्या भावाने १८८० मध्ये शोधले. उलट, वीज दिली की हे स्फटिक थरथरतात. आजोबांच्या मांडीवर टेकवलेल्या पेटीतला स्फटिक सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा थरथरत होता. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. भागाकार केला की तरंगलांबी येते सुमारे ०.१५ मिलिमीटर, म्हणून बारीकसारीक तपशील दिसतो. तीन सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी परत येतो ३९ मायक्रोसेकंदांत. हे वेळेचे हिशेब करून यंत्र पडद्यावर चित्र काढते. मज्जातंतू मधाच्या पोळ्यासारखा ठिपकेदार दिसतो, धमनी काळी आणि धडधडणारी. सुई येताना दिसते, औषध सोडले की मज्जातंतूभोवती काळे कडे पसरते. बेटाभोवती पाणी असावे तसे.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. सोनोग्राफीचा वापर गर्भातली मुलगी ओळखून तिला नाकारण्यासाठी होऊ लागला, तेव्हा १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यामुळे असे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते, मग ते मांडीतला मज्जातंतू पाहण्यासाठी का असेना. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे तरी कागद लागतात, सर." तिचा वैताग मला कळतो. पण हा कायदा का करावा लागला हे पाहिले, तर तो वैताग सोसायलाच हवा असे मला वाटते.

आजोबांना दोन ठिकाणी मिळून ४० मिलिलिटर औषध दिले, रोपिवाकेन १५० मिलिग्रॅम. काकांच्या दहापट! फांदीवर मज्जातंतू जाड आवरणात गुंडाळलेला असतो, औषधाला आत झिरपावे लागते. म्हणून मात्राही जास्त आणि वेळही जास्त, जवळजवळ अर्धा तास. सर्जन दोनदा घड्याळाकडे पाहून गेले म्हणे. एवढे औषध चुकून शिरेत गेले तर झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकते. म्हणून ते थोडे थोडे, दर वेळी पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत देतात. त्यावरचा उताराही मोठा मजेदार आहे. सोयाबीन तेलाचे दुधासारखे पांढरे मिश्रण शिरेतून देतात. ही औषधे तेलात सहज विरघळतात, त्यामुळे ते तेल त्यांना हृदयापासून ओढून घेते. १९९८ मध्ये हे उंदरांवर दाखवले गेले आणि २००६ मध्ये त्याने प्रथम माणूस वाचल्याची नोंद झाली.

आणि नवी नळी कोठून आणली? आजोबांच्याच पायातली सॅफेनस शीर! काकांची कामातून गेली म्हणून काढली, आजोबांची चांगली होती म्हणून वापरली. पण तिच्यात झडपा आहेत, आणि त्या रक्ताला फक्त वर जाऊ देतात. धमनीतले रक्त तर खाली जायचे आहे. मग? सर्जननी शीर उलटी करून, घोट्याकडचे टोक वर घेऊन जोडली.

अदलाबदल करून पाहा

मी विचारले, "मग आजोबांची पद्धत नवी, तीच सरस म्हणायची का?" ती म्हणाली, "दोघांची अदलाबदल करून पाहा, सर." आजोबांच्या कण्यात सुई घालण्यातले धोके आपण पाहिलेच. काकांना मांडीतली भूल दिली असती तर? त्यांची जखम होती जांघेतच, आणि तिथल्या कातडीला आणखी निराळे मज्जातंतू येतात. दोनऐवजी तीन-चार ठिकाणी टोचावे लागले असते, तरी एखादी जागा जागी राहिली असती. शिवाय पाय मध्यरात्रीपर्यंत बधिर. कण्यातली भूल दोन-तीन तासांत उतरली आणि काका रात्री उठून चाललेही. शिवाय काकांसारख्या कित्येकांची शीर आता काढतही नाहीत. आतून लेसरने तापवून बंद करतात, आणि भोवती भरपूर पातळ केलेले लिग्नोकेन टोचतात. तो द्रव बधिरही करतो आणि उष्णता शोषून कातडी भाजण्यापासून वाचवतो. तिथे कणाही नको आणि मांडीतला मोठा मज्जातंतूही नको. एक पद्धत सर्वांसाठी सरस, असा निकाल अजून लागलेला नाही.

मांडीतल्या भुलेने एक घोळ मात्र होता होता टळला. शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळी आजोबांचे पाऊल गार लागले, म्हणून आजी गरम पाण्याची पिशवी घेऊन शेकायला बसल्या. परिचारिका धावतच आली. ज्या पायाला भाजल्याचे कळत नाही, त्याला शेक देणे म्हणजे केवढा अनर्थ! त्याच कारणाने आजोबांना रात्री एकट्याने उठायचीही बंदी होती. जागा मेंदू सांगतो "ऊठ", आणि पाय तिथे नसतोच. पाऊल गरम आहे ना, नाडी लागते ना, हे परिचारिका तासातासाला स्वतः हाताने पाहत होती. दुखले तर आजोबा सांगतील, या भरवशावर राहता येत नव्हते.

रात्री दोनच्या सुमारास आजोबांच्या पावलात मुंग्या आल्या, मग टाके दुखू लागले. त्यांनी मुलाला उठवले आणि करंगळी सोडून उरलेली चार बोटे हलवून दाखवली. करंगळीचे काळे टोक पुढे काढावेच लागले. पाऊल राहिले. काकांची घोट्याची जखम दीड महिन्यात भरली, आणि त्यांनी प्रेसजवळ एक उंच स्टूल मागून घेतले आहे. वाद अजून मिटलेला नाही. फक्त आता काका घनतेवर बोलतात आणि आजोबा तरंगलांबीवर.